आधी खोट, मग पुस्तक

ताईंनी सहा नंबरची चिठ्ठी यंत्रातून ओढून घेतली आणि भिंतीलगतच्या बाकावर एका निवृत्त बसचालकाच्या शेजारी जाऊन बसल्या. समोर खिडकीशी टेबल होतं आणि टेबलामागे वाचनालयाची ग्रंथपाल, त्यांची भावजय होती. सख्खी नणंद दारातून आत येताना दिसली तेव्हा तिनं मान एवढीशी हलवून चिठ्ठीच्या यंत्राकडे बोट दाखवलं होतं. ताईंना त्याचं वाईट वाटलं नाही. जमीन मोजणी खात्यात त्यांनी बत्तीस वर्षं काढली होती आणि रांग मोडणारा माणूस त्यांच्याही डोक्यात जायचा.

दर बुधवारी तीन ते पाच पुस्तकं सुचवण्याचं हे टेबल लागायचं. वाचनालय मोठं होतं, दोन मजली. चरित्रं, प्रवासवर्णनं, रहस्यकथा, सगळ्यांची कपाटं होती आणि ज्याला जे हवं ते तो आपलं आपण शोधून घ्यायचा. भावजयीचं टेबल मात्र एकाच गोष्टीसाठी होतं, बायकांनी लिहिलेल्या फँटसी कादंबऱ्या. एवढ्यापुरतंच का, असं वरिष्ठांनी सुरुवातीला विचारलं तेव्हा तिनं सांगितलं होतं की राजे आणि तलवारी लोकांना आपोआप सापडतात, त्यांना शिफारस लागत नाही. पण ज्या पुस्तकात एखादी म्हातारी सुईण अख्ख्या राज्याचं भविष्य खिशात घालून हिंडते, ते कुणीतरी हातात ठेवावं लागतं. वरिष्ठांनी एक महिना करून बघायला परवानगी दिली. त्या महिन्याला आता अकरा वर्षं झाली होती, वरिष्ठ बदलून गेले होते आणि वाचक या टेबलाला बाईंचा दवाखाना म्हणायला लागले होते.

दवाखान्याचे नियम दोन. पहिला, बाई प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायच्या: शेवटचं कुठलं पुस्तक अर्धवट सोडलंत, आणि कुठे सोडलंत? आवडतं पुस्तक कुठलं हे विचारण्यात त्यांना अर्थ वाटत नसे. त्याचं उत्तर लोक दुसऱ्याला बरं वाटेल असं देतात. सोडलेल्या पुस्तकाबद्दल मात्र माणूस खरं बोलतो. दुसरा नियम असा, की पुस्तक देताना आधी त्याची खोट सांगायची आणि मग गुण. खोट ऐकूनही ज्याचा हात पुढे येतो त्याचंच ते पुस्तक.

बसचालकाचा नंबर आला. त्यानं एक जाडजूड कादंबरी दोनशे चाळिसाव्या पानावर सोडली होती, कारण नायिका घोड्यावरून दोन दिवसांत एवढं अंतर कापते की तेवढं त्याला चांगल्या रस्त्यावर, नव्या गाडीनंही जमलं नसतं. बोलता बोलता त्याचा आवाज चढला. भावजय हसली नाही. तिनं मागच्या मांडणीवरून एक पुस्तक काढलं आणि त्याला बजावलं की पहिली साठ पानं यात धुक्याशिवाय काहीही नाही, लेखिकेला धुक्याचं फार वेड. पण एकसष्टाव्या पानावर एक नावाडीण येते आणि तिची अंतरं चोख आहेत. कुठून कुठे जायला किती वेळ लागतो हे तिला तुमच्याइतकंच कळतं. बसचालक ते पुस्तक छातीशी धरून निघून गेला. धुक्याबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही.

ताई हे सगळं बघत होत्या. भावजयीचा हा रुबाब त्यांनी घरी कधी पाहिला नव्हता. घरी ती रविवारी जेवायला वरच्या मजल्यावर यायची, भाऊ आणि ताई बोलायचे, ती वाढायला मदत करायची, अधूनमधून नव्या वाचलेल्या पुस्तकाबद्दल चार वाक्यं सांगायची आणि ताटं उचलायची. तीस वर्षांत नणंद-भावजयीचं एकदाही भांडण झालं नव्हतं. नातेवाईक त्याचं कौतुक करायचे. भांडण झालं नाही म्हणून काही मिटलंही नाही, हे त्यांना कोण सांगणार?

ताईंनी एक कादंबरी लिहिली होती. हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, एक त्या स्वतः आणि दुसरा प्रकाशक. टोपणनावाखाली छापली होती, कारण ज्या बाईनं आयुष्यभर 'कल्पना सांगू नका, आकडा सांगा' असं म्हणत हाताखालच्या लोकांना घाम फोडला तिनं जादूच्या राज्याची गोष्ट लिहावी हे तिला स्वतःलाच चारचौघांत सांगवत नव्हतं. निवृत्तीनंतर सहा वर्षं रोज सकाळी, मोजणीच्या जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर त्यांनी ती लिहून काढली. वर्षभरापूर्वी ती निघाली. तीन महिन्यांपूर्वी वाचनालयाच्या यादीत तिचं नाव ताईंनी पाहिलं आणि त्या दिवसापासून त्या वाट बघत होत्या. रविवारी भावजय इतर सगळ्या पुस्तकांबद्दल बोलली. या पुस्तकाबद्दल नाही.

वाट बघण्याचं कारण नाव व्हावं हे नव्हतं. भावजय लग्न होऊन आली तेव्हा तिच्याबरोबर दोन खोकी भरून कादंबऱ्या आल्या होत्या, असल्याच, जादूच्या, शाळेपासून जमवलेल्या. वर्षभरात ती ग्रंथपालाच्या परीक्षेसाठी दोन महिने दुसऱ्या शहरात गेली. ताईंना तेव्हा नकाशे काढायला मोठं टेबल घ्यायचं होतं, खोली तेवढीच होती, आणि खोकी वाटेत येत होती. त्यांनी ती रद्दीत दिली. भावजय परतली तेव्हा तिला सांगितलं की वाळवी लागली होती, घरभर पसरण्याआधी टाकून द्यावी लागली. भावजय बावीस वर्षांची होती. तिनं रिकाम्या जागेकडे पाहिलं, बरं म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. त्या 'बरं'चं काय करायचं हे ताईंना पुढे कधी कळलं नाही.

त्यांच्या कादंबरीत दोन बहिणी होत्या. त्या देशात जमीन तिचा नकाशा असेपर्यंतच टिकायची, नकाशा गेला की गाव गेलं. धाकटी बहीण गावोगाव हिंडून नकाशे काढायची. थोरली तिच्या माघारी ते जाळते आणि सांगते की उंदरांनी खाल्ले. भावजयीनं हे वाचावं, ओळखावं आणि तोंडानं बोलायचं काम पुस्तकानं परस्पर उरकून टाकावं, एवढ्यासाठी ताईंनी साडेतीनशे पानं लिहिली होती. समोर उभं राहून एक वाक्य बोलण्यापेक्षा साडेतीनशे पानं सोपी गेली, त्याला त्या काय करणार.

सहा नंबर पुकारला गेला. ताई जाऊन समोरच्या खुर्चीत बसल्या. त्यांच्या मागे, बाकावर, आता फक्त एक परिचारिका उरली होती, कामावरच्याच कपड्यांत, घड्याळाकडे बघत.

"बोला ताई."

"सगळ्यांना देतेस तसं मलाही दे काहीतरी," ताई म्हणाल्या. "बाईनं लिहिलेलं. जादूबिदू असलेलं."

भावजयीनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. आश्चर्य वाटलं असेल तर ते तिनं पेन्सिलीचं टोक बघण्यात घालवलं.

"शेवटचं कुठलं पुस्तक अर्धवट सोडलंत?"

"मी काही अर्धवट सोडत नाही."

"हे सगळेच म्हणतात," ती म्हणाली, पण रेटलं नाही, आणि उठून मांडणीकडे गेली.

तिनं ताईंपुढे तीन पुस्तकं ठेवली आणि एकेकावर बोट ठेवून बोलत गेली. पहिल्यात एक म्हातारी मीठ पिकवणारी बाई होती, जिच्याकडून समुद्र दरवर्षी एक आठवण मागून घेतो. खोट म्हणजे पुस्तकात माणसं फार रडतात, आणि ताईंना रडणारी माणसं चालत नाहीत. तरी घ्या, कारण म्हातारी स्वतः एकदाही रडत नाही. दुसरं राजवाड्यातल्या धोबिणीचं, जिला कपड्यांच्या डागांवरून राजकारण कळतं. यात शेवटची तीस पानं लेखिकेनं घाईत लिहिली आहेत, बहुतेक घरी पाहुणे आले असावेत. पण आधीची तीनशे पानं अशी आहेत की चहा गार होतो. तिसरं पाच भागांचं होतं आणि त्याचा पहिला भाग, तिच्या शब्दांत, वाईट होता. साफ वाईट. दुसऱ्यापासून सुरू करा, आणि कुणी नावं ठेवली तर माझं नाव सांगा. हे बोलताना तिच्या आवाजात जराही चाचपडणं नव्हतं. ताईंना एकदम वाटलं की आपल्या हाताखाली अशी एक बाई असती तर सगळ्या जिल्ह्याची मोजणी वेळेत झाली असती. तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. भावजयीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तीस वर्षांत ताईंनी केलेली ही तिची पहिली स्तुती होती आणि दोघींनाही ते ठाऊक होतं.

ताईंनी तिन्ही पुस्तकं नीट एकावर एक रचली. मग त्यांना राहवलं नाही.

"ते एक हिरव्या कव्हरचं आहे म्हणे. मोजणी करणाऱ्या बाईचं. माझ्या जुन्या खात्यातलं कुणीतरी सांगत होतं."

भावजयीनं मांडणीकडे पाहिलं नाही. तिनं टेबलाचा खण उघडला आणि हिरवं पुस्तक बाहेर काढलं. त्याच्या पानापानांतून कागदाच्या पट्ट्या बाहेर आल्या होत्या, वीस-पंचवीस तरी असतील.

"हे मी अजून टेबलावर मांडलेलं नाही," ती म्हणाली. "दोनदा वाचलं. फार चांगलं आहे."

आधी गुण. म्हणजे खोट मोठी असणार, हे ताईंनी ओळखलं.

भावजय बोलत होती आणि मधूनमधून पट्ट्यांवरून बोट फिरवत होती. लिहिणारीनं उन्हात उभं राहून काम केलेलं आहे, घरात बसून नाही, हे पहिल्याच पानावर कळतं म्हणाली. चिखलात मोजणीची साखळी रुतते आणि मोजणारी रडकुंडीला येते ते प्रकरण तिनं चार वेळा वाचलं होतं. जमिनीवर असं प्रेम करणारं पुस्तक तिनं आजवर पाहिलं नव्हतं. आणि थोरली बहीण.

"थोरलीचं काय?" ताईंनी विचारलं.

"थोरली खरी आहे. या असल्या पुस्तकांत वाईट माणसं फार दुष्ट असतात हो. ही दुष्ट नाहीच. तिला जागा हवी असते, तेवढंच. जाळून बसते आणि मग घाबरून खोटं बोलते. मला तिचा राग यायला हवा होता, पण मी तिच्याच खोलीत जाऊन बसल्यासारखी वाचत होते."

ताईंनी तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. तिथे त्यांना फक्त ग्रंथपाल दिसली.

"मग मांडत का नाहीस?"

"शेवटच्या पानामुळे."

त्या पानावर सात महिने काम केलं होतं ताईंनी. धाकटी परत येते. तिची गावं गेलेली असतात. थोरली दारात उभी असते, आणि धाकटी हसून म्हणते, झालं ते झालं, चल, उजेड आहे तोवर कामाला लागू. मग दोघी साखळीची दोन टोकं धरून चालू लागतात. लिहून झालं तेव्हा ताई स्वतःशीच मोठ्यानं हसल्या होत्या, एवढ्या हलक्या झाल्या होत्या त्या.

"त्यात काय वाईट आहे?" त्या म्हणाल्या. "धाकटी मोठ्या मनाची आहे."

"मोठ्या मनाची नाही ताई, सोयीची आहे." भावजयीनं पुस्तक मिटलं. "तिची अकरा गावं गेली. ती एका पानात हसते. असं कुणी हसत नाही. थोरलीनं मागितली कुठे माफी? एका शब्दानं नाही. लिहिणारीला ती हवी होती, म्हणून तिनं धाकटीच्या तोंडून स्वतःच स्वतःला देऊन टाकली."

बाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवला आणि थांबला. परिचारिकेनं पुन्हा घड्याळ पाहिलं. ताईंना राग आला होता, मनापासून, चारचौघांत चूक दाखवल्यावर येतो तसा, आणि पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं की ही हाताखाली नव्हती तेच बरं.

"माफी मागून काय झालं असतं?"

"ते मला काय ठाऊक. धाकटी नाही म्हणाली असती कदाचित. पण मी वाचत होते ना, मी वाट बघत होते." तिनं हिरवं पुस्तक खणात ठेवण्यासाठी उचललं आणि तसंच हातात धरून ठेवलं. "साडेतीनशे पानं वाट बघितली मी."

ताईंना आयुष्यात भीती फार कमी वेळा वाटली होती. एकदा दरीच्या तोंडाशी दुर्बीण लावताना पायाखालची माती सरकली होती तेव्हा, आणि आत्ता. तेव्हा त्यांनी डोळे समोरच्या खुणेवर ठेवले होते आणि एक पाऊल मागे घेतलं होतं. आत्ता मागे घ्यायला काही नव्हतं.

"वाळवी लागली नव्हती," त्या म्हणाल्या.

भावजयीनं मान वर केली.

"तुझ्या खोक्यांना. मी रद्दीत दिली. मला टेबल ठेवायचं होतं."

मग भावजय उठली, बाकापाशी गेली आणि परिचारिकेशी हलक्या आवाजात बोलली. आजचं टेबल इथेच थांबतंय, पुढच्या बुधवारी तुमचा पहिला नंबर, आणि तोवर हे न्या. तिनं मांडणीवरचं एक छोटं पुस्तक तिच्या हातात दिलं. घाईघाईत का होईना, पण त्याची खोट सांगायला ती विसरली नाही. परिचारिका गेल्यावर ती परत येऊन बसली, पण आता टेबलामागे नाही. बसचालक बसला होता तो बाक ओढून ती ताईंच्या बाजूला बसली.

"सावकाश सांगा," ती म्हणाली. "सगळं."

ताईंनी सांगितलं. त्या सांगायला लागल्या तशी एकेक गोष्ट मोजून बाहेर आली, खोकी किती जड होती, कुठल्या दाराने नेली, वाळवी हा शब्द जिन्यात उभं असताना कसा सुचला. रद्दीवाला यायला तीन तास उशीर झाला होता. वेळ जाईना म्हणून त्यांनी वरचं एक पुस्तक उघडलं आणि फरशीवर बसून वाचू लागल्या. तोपर्यंत त्यांनी कादंबरी नावाची वस्तू हातात धरलेली नव्हती. माणूस आला तेव्हा त्यांना ते पुस्तक ठेवून घ्यायचं होतं. पण एक ठेवलं असतं तर त्याला वाळवी कशी लागली नाही हे सांगावं लागलं असतं, म्हणून तेही दिलं. पुढे त्या गोष्टीत काय झालं असेल याचा त्या कित्येक वर्षं विचार करायच्या, मोजणीला जाताना, बसमध्ये, रांगेत. सुचेल ते मनात रचून बघायच्या.

भावजयीनं एकच गोष्ट विचारली.

"कुठपर्यंत आला होतात?"

"पूल अर्धा बांधून होतो आणि ती पुलाच्या टोकाशी उभी राहते. तिथे."

भावजयीनं मान हलवली. ते पुस्तक तिला आठवलं होतं, हे दिसलं. पुलाचं पुढे काय होतं ते तिनं सांगितलं नाही. हिरवं पुस्तक अजून तिच्या हातातच होतं. तिनं ते उलटं केलं, मागच्या कव्हरवरचं लेखिकेचं नाव वाचलं, जणू पहिल्यांदाच, आणि मग सरळ करून ताईंच्या मांडीवर ठेवलं.

"दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा शेवट बदला," ती म्हणाली.

ताईंनी विचारलं की बदलला तर धाकटी काय म्हणेल.

"ते आत्ताच कसं सांगू, ताई? आधी थोरलीला माफी मागू तर द्या."

वाचनालय बंद व्हायला अजून वेळ होता. खालच्या मजल्यावर कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. ताईंनी पुस्तक बाजूला ठेवलं, भावजयीकडे वळून बसल्या आणि माफी मागितली.